नाइलाज होता, फादर!



२५ जुलै २०२२ रोजी आपल्या सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या शेतात, एक लहान प्रशिक्षण विमान उतरवावे लागले. इंजिनाची शक्ती गेली होती. आत एकटीच असलेली शिकाऊ वैमानिक किरकोळ जखमांवर बचावली.

सक्तीने केलेली कृती आपली म्हणावी का? वादळात जहाजावरील माल समुद्रात फेकणाऱ्यांविषयी ॲरिस्टॉटलने हाच प्रश्न विचारला. फेकणे नकोसे, तरी निवड त्यांचीच, असा त्याचा कौल. आम्हालाही तो पटतो. इंजिन गेले म्हणून विमान दगडासारखे कोसळत नाही. ते तरंगत खाली येते. मात्र घाबरून नाक वर ओढत राहिले तर तो आधारही जातो.

‘नाइलाज होता, फादर’ हे आम्ही मंगळवेढ्यात वरचेवर ऐकतो, स्वतःही म्हणतो. त्या मुलीपुढे उतरायचे की नाही हा प्रश्न उरलाच नव्हता. कुठे आणि कसे, एवढा मात्र होता.