यात्रेतील खरेदी आणि अस्तेय

यात्रेहून परतलेल्या मनुष्यास आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो 'दर्शन कसे झाले?' हा, आणि दुसरा 'काय काय आणलेत?' हा. पहिल्याचे उत्तर दोन वाक्यांत संपते. दुसऱ्याचे उत्तर देताना पिशव्या उघडतात, वस्तू हातोहात फिरतात आणि अखेर तिसरा प्रश्न येतो, 'केवढ्याला पडले?' या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना सांगणाऱ्याचा चेहरा जसा खुलतो, तसा तो दर्शनाचे वर्णन करतानाही खुलत नाही, असे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. आमचाही तसाच खुलला होता, आणि म्हणूनच हा लेख लिहिण्याची वेळ आली.

गेल्या भाद्रपदाच्या अखेरीस मंडळाची यात्रा नेपाळास गेली होती. नेपाळास परदेश म्हणावे किंवा नाही, यावर गाडीतच बराच वाद झाला. १९५० च्या करारापासून उभय देशांतील लोकांना एकमेकांकडे जाण्यास व्हिसा लागत नाही. आणि पशुपतिनाथाच्या गाभाऱ्यात पूजा करणारे भट्ट पुजारी तर आपल्या कर्नाटकातूनच तेथे जातात. तथापि बाजारात पाऊल टाकताच तो परदेश होतो. आपल्या एका रुपयास नेपाळचा एक रुपया साठ पैसे, हा भाव १९९३ पासून स्थिर आहे. शंभराच्या नोटेचे एकशे साठ होताना पाहून आपण घरी असतो त्याहून थोडे श्रीमंत झालो, असे मनुष्यास वाटू लागते. आणि चमत्कार असा की, श्रीमंत झाल्याचा भास होताच तो उदार न होता घासाघीस अधिक नेटाने करू लागतो. पितृपक्षात नवी वस्तू घेऊ नये हा नियम आमच्यापैकी बहुतेकांनी सोयीस्करपणे बेळगावातच ठेवला होता.

पशुपतिनाथाच्या वाटेवर रुद्राक्षांची दुकाने ओळीने लागतात. पूर्व नेपाळातील भोजपूर, संखुवासभा या डोंगराळ जिल्ह्यांतून हे फळ येते. पंचमुखी विपुल, म्हणून स्वस्त. मुखांची संख्या जसजशी विरळ, तसतसा भाव चढतो आणि भावाबरोबर लबाडीही चढते. कोरून मुखे वाढवलेले किंवा दोन मणी बेमालूम चिकटवलेले रुद्राक्ष विकले जातात, हे तेथील जाणते लोकच सांगतात. ठमेलच्या बाजारात 'अस्सल पश्मिना' म्हणून ज्या शाली दोन-अडीचशे रुपयांस मिळतात, त्यांची कथा निराळी नाही. हिमालयातील च्यांग्रा शेळीच्या पोटाशी जी मऊ लोकर असते, ती एका शेळीपासून वर्षाला जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅम निघते. मग त्या भावात शाल कशी येणार? ती कृत्रिम धाग्याचीच असणार. येथे फसवणारा दोषी खराच, परंतु घेणाऱ्याचे मनही स्वच्छ नसते. पश्मिन्याचे मोल न देता पश्मिना हवा, ही इच्छा आधी त्याच्या ठायी असते. दुकानदार तिला केवळ रूप देतो. अशा जागी सावध राहणे, दोन दुकाने फिरणे, भाव विचारणे, यात अधर्म काही नाही. ठकले जाणे हा काही सद्गुण नव्हे.

आमचा प्रश्न याच्या पुढचा आहे. वस्तू खरी आहे, करणारा समोर आहे, त्याने सांगितलेली किंमत अवाजवी नाही हे आपणास मनोमन पटले आहे. तरीही ती कमी करून घेण्याचा आपणास अधिकार आहे काय?

पाटण म्हणजे ललितपूर. तेथे महाबुद्ध मंदिराच्या आसपास शाक्य कुळांतील मूर्तिकारांची घरे आहेत. त्यांची ओतकामाची पद्धत ती आपल्या शिल्पग्रंथांतील 'मधूच्छिष्टविधान'. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात तिचे वर्णन आहे. म्हणजे ही विद्या आपल्याही भागास परकी नव्हती. प्रथम मधमाश्यांच्या मेणात राळ मिसळून संपूर्ण मूर्ती घडवायची; अंगठ्या, बाजूबंद, जानव्याचा पीळ, सर्व मेणातच. मग तिच्यावर शेण व माती यांचे पातळ लेप, पुढे तूस मिसळलेल्या मातीचे जाड लेप, एक वाळल्यावर दुसरा. साचा तापवला की मेण वितळून वाहून जाते आणि त्या पोकळीत तांब्याचा रस ओततात. साचा फोडल्याखेरीज मूर्ती बाहेर येत नाही, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. रस एखाद्या बोटापर्यंत पोहोचला नाही, तर तेवढा भाग पुन्हा करावा लागतो. त्यानंतर कानस आणि छिन्नी यांचे काम सुरू होते, ते कित्येक दिवस चालते. मोठ्या मूर्तीवर सोन्याचा मुलामा द्यावयाचा, तर सोने पाऱ्यात कालवून मूर्तीवर चोपडतात आणि मूर्ती तापवून पारा उडवून देतात. तो पारा हवेत जातो आणि मुलामा देणाऱ्याच्या छातीतही जातो.

आम्ही एका लहानशा घरवजा दुकानात गेलो. तळमजल्यावर दोन कारागीर छिन्नी चालवीत होते. फळीवर वीतभर उंचीचा तांब्याचा गणपती होता. आपल्या घरचे गणपती बोळवून पुरते पंधरा दिवस झाले नव्हते. त्यामुळेच की काय, दृष्टी तेथून हलेना. गृहस्थाने किंमत सांगितली चोवीस हजार नेपाळी, म्हणजे आपले पंधरा हजार. आम्ही बारा म्हटले. तो हसला व मूर्ती आमच्या हातात देऊन म्हणाला, "हजूर, उंदराच्या पायाची नखे पाहा." नखे होती. आम्ही तेरा म्हटले. असे बराच वेळ चालले. अखेर तो हिंदीत म्हणाला की, दशैं तोंडावर आला आहे, या दोघांचा हिशेब त्यापूर्वी चुकता करावयाचा आहे, नाहीतर मी इतके उतरलो नसतो. दशैं म्हणजे आपले नवरात्र व दसरा. नेपाळातील सर्वांत मोठा सण. आम्ही सोळा हजारांस मूर्ती घेतली.

त्या रात्री धर्मशाळेत जेवताना आठ हजार वाचवल्याची हकीकत आम्ही दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना आमच्या पंक्तीतील एका वृद्ध भगिनीने सहज विचारले, "मग त्या दोघांचा हिशेब कसा चुकता केला असेल हो त्यानं?" प्रश्नात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. आम्हांस उत्तर देता आले नाही.

त्या मनुष्याने आपली गरज आम्हांस सांगितली ती विनंती म्हणून. आम्ही ती ऐकली ती मात्र खूण म्हणून: आता हा टिकणार नाही, आणखी थोडे रेटावे. येथेच, आमच्या मते, घासाघीस आणि चोरी यांमधील रेषा ओलांडली जाते. यमांमध्ये अस्तेय सांगितले आहे. त्याचा अर्थ दुसऱ्याच्या फडताळातून वस्तू न उचलणे, एवढाच आपण धरून बसलो आहोत. परंतु दुसऱ्याच्या अडचणीच्या बळावर त्याच्या श्रमाचा जो भाग आपण उचलतो, त्यास दुसरे नाव कोणते द्यावे, हे आम्हांस सुचलेले नाही.

एका स्नेह्यांचे म्हणणे आहे की, आम्ही उगाच मनास लावून घेतो. दुकानदार दीडपट सांगतो, गिऱ्हाईक निम्म्याने मागते, मध्ये कोठेतरी दोघे भेटतात. तो अर्धा खेळच आहे, आणि तोटा सोसून कोणी विकीत नाही. यात तथ्य नाही असे नाही. मोठ्या पेढीवाल्याच्या बाबतीत आम्ही हे मान्य करू. परंतु पेढीवालाही तोटा सोसत नाही याचे कारण तो तोटा खाली उतरवतो. हे समजण्यास नेपाळात जावयास नको. आपल्या शहापूर, खासबाग, वडगाव या भागांतील विणकरांच्या घरी ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांना ठाऊक आहे की, पेठेत साडीच्या भावात कमी झालेले शंभर रुपये शेवटी कोणाच्या मजुरीत कमी होतात. परगावचे गिऱ्हाईक असे करताना पाहून आम्ही स्वतः हळहळलो आहोत. सीमा ओलांडताच तेच परगावचे गिऱ्हाईक आम्ही झालो. परदेशात मनुष्य अनोळखी असतो. पुन्हा तोंड दाखवावयाचे नसते. शेजाऱ्यापाशी जी लाज आपणास आवरून धरते ती तेथे सुटते. आपल्या गल्लीतील कासारापाशी आम्ही असे कधीही बोललो नसतो.

महाभारतात, शांतिपर्वात, जाजली व तुलाधार यांचा संवाद आहे. जाजलीने एवढे निश्चल तप केले की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे केले, पिले वाढून उडून गेली, आणि त्यास आपल्या धर्माचा अभिमान झाला. तेव्हा त्यास सांगण्यात आले की, काशीतील तुलाधार नावाच्या वाण्याची सर तुला नाही. तो गेला, तर हा वाणी आपल्या दुकानात तराजू घेऊन बसलेला. आपली तुला सर्व भूतांच्या ठायी सम आहे, एवढाच आपला धर्म, असे त्याने सांगितले. काठमांडूत व्यापारी नेवार लोकांचे तुलाधर हेच आडनाव आहे; त्यांच्या पूर्वजांच्या पेढ्या थेट ल्हासापर्यंत होत्या. असनच्या पेठेत ती पाटी प्रथम वाचली तेव्हा आम्हांस मौज वाटली होती. पाटणहून परतल्यावर त्याच रस्त्याने जाताना आम्ही ती पुन्हा वाचली नाही. त्या संवादात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. व्यास मुनींनी धर्म सांगावयास दुकानदारास बसवले हे आपण नेहमी सांगतो. पण तराजूच्या दुसऱ्या बाजूस गिऱ्हाईकही उभे असते, आणि तुला सम राहावी ही जबाबदारी त्याच्यावर नाही, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही.

काही वस्तूंची तर किंमतच करू नये, हेही या प्रवासात जवळून कळले. शाळिग्रामाचे मोल करू नये, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. गंडकीच्या पात्रात तो मिळावा, किंवा कोणी द्यावा. आज तो दुकानांत चिठ्ठी लावून ठेवलेला दिसतो. त्याहून भयंकर प्रकार जुन्या मूर्तींचा. पाटणच्या एका गल्लीत एक तरुण आमच्या मागे आला व 'जुनी आहे, स्वस्तात देतो' असे हळूच म्हणाला. मूर्ती बहुधा नवीच, धुरकटवलेली असावी. परंतु खरोखर जुनी असती तर? नेपाळच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि नव्या मूर्तीसही पुरातत्त्व विभागाचा दाखला घ्यावा लागतो. कायदा बाजूस ठेवला तरी, जुनी मूर्ती ही कोणाच्या तरी पूजेतून उठलेली असते. पाटणच्याच पाटको टोल येथील लक्ष्मीनारायणाची शिळामूर्ती, जिचे अर्धे अंग विष्णूचे व अर्धे लक्ष्मीचे, ती १९८४ मध्ये चोरीस गेली. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती विकली गेली आणि पुढे अमेरिकेत डॅलस येथील कलासंग्रहालयात जाऊन उभी राहिली. लोकांनी रिकाम्या जागी प्रतिमूर्ती बसवून पूजा चालू ठेवली. अखेर २०२१ मध्ये मूळ मूर्ती परत आली व तिच्या जागी पुन्हा बसवण्यात आली. सदतीस वर्षांत तिच्यासमोरून कितीतरी सुसंस्कृत माणसे गेली असतील, आणि हिच्यापुढे रोज दिवा कोण लावीत होते, हा प्रश्न त्यांतील फारच थोड्यांस पडला असेल. तो पडत नाही याचे कारण, वस्तू आणि ती करणारी, पुजणारी माणसे यांना वेगळे करून पाहण्याची सवय. वीतभर गणपतीची घासाघीस करताना आम्हीही तीच सवय वापरली. अंतर होते, ते मापाचे.

तो गणपती सध्या आमच्या देव्हाऱ्यात आहे. रूप अत्यंत प्रसन्न आहे; येणारे-जाणारे नखांकडे बोट दाखवतात आणि केवढ्याला पडला म्हणून विचारतात. आम्ही हल्ली उत्तर टाळतो.

उरलेले पैसे पाठवावे, असे मनात येऊनही बरेच दिवस गेले. प्रथम वाटले, आता ते कोणत्या नावाने द्यावे? मदत म्हणून दिले, तर ज्याचे आपण देणे लागतो त्यालाच दान केल्याचे पुण्य पदरात पाडून घ्यावयाचे, आणि त्या स्वाभिमानी कारागिरास हात पुढे करावयास लावावयाचे, हे पहिल्याहून वाईट. एकाने सुचवले की तेवढी रक्कम येथील अन्नछत्रास द्यावी. पण पाटणचे देणे बेळगावात कसे फिटेल? अखेर घरातूनच तोड निघाली. येत्या यात्रेस जाणाऱ्या एका गृहस्थांजवळ आम्ही पाकीट दिले आहे. महाबुद्धाच्या मागील गल्लीचा नकाशा आठवेल तसा काढून दिला आहे. घराखाली दोन कारागीर बसत, आणि जिन्यापाशी हिरव्या रंगाचे दार होते, एवढेच नक्की सांगता आले. पाकिटावर आत आठ हजार नेपाळी असल्याचे लिहिले आहे, आणि खाली, आमच्या पत्नीच्या सांगण्यावरून, 'मूर्तीच्या किमतीपैकी बाकी' असे शब्द आहेत.