पैसाचा खांब

लहानपणी आजीबरोबर नेवाशाला गेले होते. देवळाच्या पायऱ्या चढताना मुठीत एक नाणं घट्ट धरलं होतं. 'पैसाचा खांब' बघायचा, म्हणजे तिथे पैसा वाहायचा असणार! ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, असं आपण मानतो, तो हा खांब. आजीनं मूठ बघितली आणि जवळ बसवून म्हणाली, "अगं, आपण नेवाशाला आलो, नेवासाला नाही. तसंच पैसा असता तर पैशाचा खांब झाला असता. हा पैसाचा आहे." म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही. हात जोडायला सांगितले.

'पैस' माझ्या आयुष्यात आला तो असा, स आणि श यांच्यामधल्या फटीतून.

पुढे कोशात पाहिलं. मोकळी जागा, विस्तार. 'ऐसपैस' तर घरातलाच शब्द, ऐसपैस ओसरी, ऐसपैस मांडी घालून बसणं. पण त्यातला 'पैस' सुटा करून कुणी बोलत नव्हतं. अर्थ पाठ झाला, शब्द मात्र परकाच राहिला.

मग कॉलेजात दुर्गा भागवतांचं 'पैस' हाती आलं. 1971 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या पुस्तकाला नाव मिळालं ते याच खांबावरून. त्यातला खांबावरचा लेख वाचून संपला आणि पहिल्यांदाच मला नवल वाटलं. खांब म्हणजे अरुंद, जागच्या जागी रुतलेला दगड, आणि त्याला नाव मोकळेपणाचं! पण शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, त्याला पाठ टेकून बसलेल्या कोवळ्या वयाच्या माणसानं सुमारे नऊ हजार ओव्यांचा विस्तार मराठीत मांडला. पाठीला दगड आणि समोर एवढं आभाळ. कोशातली 'मोकळी जागा' तेव्हा कुठे मला दिसली.

आता रोज सकाळी आजीच्या ज्ञानेश्वरीतल्या चार ओव्या वाचते. शब्द अडला की नजर आधी तळटीपेकडे धावते. तिथे हात ठेवते. मागची ओवी वाचते, पुढची वाचते, मग अडलेल्या ओवीकडे परत येते. काही शब्दांपाशी आजीच्या पेन्सिलीचा बारीक ठिपका आहे. तीही तिथेच थांबली होती.