झाडाला शिक्षा कशाची?

आमच्या व्हर्जिनियात डॉगवूड १९१८पासून राज्याचं फूल आणि १९५६पासून राज्याचं झाड आहे. एप्रिलमध्ये तो फुलतो आणि ईस्टरच्या आगेमागे कुणीतरी त्याची गोष्ट सांगतंच. शेजारच्या आजी चर्चहून येताना कुंपणाशी थांबून मला दर वर्षी सांगतात. हे झाड म्हणे पूर्वी ओकएवढं उंच होतं. त्याच्याच लाकडाचा येशूचा क्रूस झाला. झाड फार कष्टी झालं, तेव्हा येशू म्हणाला, यापुढे तू क्रूसाला पुरेल एवढं वाढणारच नाहीस. म्हणून ते बुटकं, वाकडं. चार पाकळ्यांचा क्रूस, टोकांना गंजल्या खिळ्यांचे व्रण, मधोमध काटेरी मुकुट.

फूल हातात घेतलं की सगळं तसंच दिसतं. पाकळीच्या टोकाला चिमटा काढल्यासारखी खाच, खाचेच्या कडेला तपकिरी डाग. फक्त त्या पाकळ्या नव्हेत, रूप पालटलेली पानं; खरी फुलं म्हणजे मधला हिरवट-पिवळा बारीक झुबका. गोष्ट बायबलात नाही, आणि झाड मूळचं उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं. तेव्हा जेरुसलेमचा प्रश्नच नाही. पण यावरून मी आजींशी वाद घालत नाही. पारिजातक कृष्णाने स्वर्गातून आणला हे ऐकत वाढलेल्या बाईने तो कुठल्या तोंडाने घालावा?

मला खटकतं ते वेगळंच. तोडणारा माणूस, खिळे ठोकणारा माणूस, आणि उंची गेली झाडाची! आजी म्हणतात, ती शिक्षा नव्हे, दया. असेल. तरी झाडाच्या माथी अपराध येतोच. शांतिपर्वात भृगू भरद्वाजाला सांगतात की झाडांना ऐकू येतं, वास येतो, सुखदुःख कळतं. मान्य. पण कळणं वेगळं, करणं वेगळं. बुद्धाने कर्म हेतूत पाहिलं. कुऱ्हाडीखाली उभ्या झाडाला हेतू कसला?

आणि बुटकेपणा ही शिक्षा, हे ठरवलं कोणी? रानात डॉगवूड ओकच्या सावलीतच वाढतो. वरच्या झाडांना दाट पालवी फुटायच्या आत फुलून घेतो. वीस-तीस फूट हाच त्याचा स्वधर्म. शिक्षा देतो ती आपण. हिरवळीच्या मधोमध भर उन्हात लावतो, पानं करपतात. मग लॉनमोअर बुंध्याला घासतो आणि सालीच्या जखमेतून किडे आत शिरतात.

लावायचाच तर मोठ्या झाडाच्या पूर्वेला लावा, सकाळचं ऊन मिळेल. माती आम्लधर्मी हवी. मुळं उथळ असतात, म्हणून बुंध्यापासून चार बोटं सोडून पालापाचोळा पसरा. आणि उंच व्हावा म्हणून खत ओतू नका.