हौस आणि भक्ती
आषाढी वारीत एखादा दिवस पुण्याहून दिवेघाटापर्यंत चालणाऱ्या आमच्या वयाच्या मुलामुलींना नावं ठेवणं सोपं आहे. मित्रमैत्रिणी, फोटो, वाटेतली भजी. यात विठ्ठल कुठे, असं विचारलं जातं. श्रद्धा खरी असेल तर तिच्यात हौस, प्रेम, घरची माणसं यांची भेसळ नको, हे त्यामागचं गृहीत. वारकरी परंपरेला ते कधी मान्य असल्याचं दिसत नाही. एकनाथ पैठणला संसारात राहिले, सावता माळ्यांनी अरणचा मळा सोडला नाही. तुकोबांचा पालखी सोहळा १६८५ साली सुरू केला तो त्यांच्याच मुलाने, नारायण महाराजांनी. तिथे वडिलांविषयीची माया कुठे संपते आणि देवाची ओढ कुठे सुरू होते, हे कोण सांगणार? रिंगणात घोडा धावतो, फुगड्या रंगतात. त्याला तर कुणी चैन म्हणत नाही!

आक्षेप उरतो तो कष्टांचा. आळंदीहून पंढरपूरपर्यंत ऊनपाऊस सोसत चालणारा शेतकरी आणि एका दिवसाचे हे पाहुणे सारखे कसे? सारखे नाहीतच. पण तो फरक निष्ठेच्या लांबीचा आहे, आनंदाच्या भेसळीचा नव्हे. कसोटी लावायचीच तर वागण्याची लावावी: वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, ते या तरुणांना जमतं का? तेव्हा पुढच्या आषाढीला मित्रांना घेऊन खुशाल जा, फोटोही काढा. फक्त दिंडीच्या मधे घुसू नका आणि घाटात बाटल्या टाकू नका.