शेवटचे २४४ मीटर

दुबईच्या बुर्ज खलिफाची उंची ८२८ मीटर आहे. त्यातले शेवटचे २४४ मीटर माणसाच्या नित्य वापरासाठी नाहीत. तिथे घरं नाहीत, कार्यालयं नाहीत, पर्यटकांनी उभं राहून शहर बघावं असा सज्जाही नाही. उंच इमारतींच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या ‘कौन्सिल ऑन टॉल बिल्डिंग्ज अँड अर्बन हॅबिटॅट’ या संस्थेनंच २०१३ मध्ये हे मोजून दाखवलं. तीनशे मीटरहून उंच अशा त्या वेळच्या ७२ इमारतींपैकी ४४ इमारती, वरचा बिनवापराचा भाग वजा केला, तर तीनशेच्या खाली उतरत होत्या.

हे दुबईत सुरू झालेलं नाही. १९२९ मध्ये न्यूयॉर्कला क्रायसलर बिल्डिंग आणि ४० वॉल स्ट्रीट यांच्यात चढाओढ लागली होती. क्रायसलरच्या वास्तुरचनाकारानं पोलादी सुळका इमारतीच्या आतच गुपचूप जोडून घेतला आणि ऑक्टोबरमध्ये तो वर चढवून प्रतिस्पर्ध्याला मागं टाकलं. त्याच महिन्यात शेअर बाजार कोसळला. दोन वर्षांनी ४१० दिवसांत उभी राहिलेली एम्पायर स्टेट बिल्डिंग खुली झाली तेव्हा भाडेकरूच मिळेनात. या योगायोगांवरून अँड्र्यू लॉरेन्स या विश्लेषकानं १९९९ मध्ये एक निर्देशांक मांडला: सर्वांत उंच इमारत उभी राहू लागली की समजावं, मंदी आली.

ही मांडणी लोकांना फार आवडते, पण मला ती पटत नाही. जेसन बार आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये आकडे तपासले, तेव्हा इमारतींच्या उंचीवरून मंदीचं भाकीत करता येत नाही असंच निघालं; देशाचं उत्पन्न वाढतं तशी इमारतींची उंची वाढते, एवढंच दिसलं. शिवाय या मांडणीत एक खोटा दिलासा दडलेला आहे. गर्व झाला आणि शिक्षा मिळाली, असं म्हटलं की हिशेब पुरा झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात उंची गाठणारा मालक मूर्ख नसतो आणि शिक्षा बहुतेक वेळा त्याला होतही नाही.

त्याचा व्यवहार समजून घ्यायला हवा. बुर्ज खलिफावर सुमारे दीड अब्ज डॉलर खर्च झाले. ती बांधणाऱ्या एमार कंपनीच्या हातात आजूबाजूचा सगळा परिसरच होता: मॉल, हॉटेलं, घरांचे टॉवर, कृत्रिम तलाव. जगातली सर्वांत उंच इमारत खिडकीतून दिसते, या एका गोष्टीनं तिथल्या प्रत्येक फ्लॅटचा भाव चढतो. म्हणजे बुर्जनं स्वतःचा खर्च भाड्यातून भरून काढण्याची गरजच नव्हती. शेजारची जमीन तो भरून देणार होती. वरचे २४४ मीटर या हिशेबात वाया गेलेले नाहीत. सर्वांत जास्त कमाई कदाचित त्यांचीच असेल. जेद्दा टॉवरची आखणीही हीच आहे: एक हजार मीटरहून उंच इमारत आणि तिच्याभोवती विकायला काढलेलं नवं शहर. २०१७ मध्ये सौदी अरेबियात झालेल्या धरपकडीत प्रकल्पामागचे बडे लोक सापडले, काम काही वर्षं ठप्प झालं, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं.

मुंबईनंही उंचीमागचा हाच जमिनीचा हिशेब पाहिला आहे. लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागेवर ‘वर्ल्ड वन’ जाहीर झाला तो जगातली सर्वांत उंच निवासी इमारत म्हणून, ४४२ मीटरचा. विमान वाहतुकीच्या उंचीमर्यादेमुळे तो २८० मीटरवर थांबला. गिरण्यांच्या जमिनीतला एकेक तृतीयांश वाटा शहराच्या मोकळ्या जागांना आणि परवडणाऱ्या घरांना द्यावा, असा १९९१ चा नियम होता. २००१ मध्ये तो बदलला आणि हा वाटा फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरता उरला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल मान्य केला. गिरणगावातल्या टॉवरांच्या उंचीबद्दल बोलताना हा नियमबदल वगळला, तर बोलण्यात काही अर्थ राहत नाही.

मग किंमत मोजतं कोण? बुर्जच्या बांधकामावर ऐन भरात एका दिवशी बारा हजार माणसं काम करत होती, बहुतेक दक्षिण आशियातली. मार्च २००६ मध्ये पाळी संपल्यावर बस उशिरा आल्या, हे निमित्त झालं आणि सुमारे अडीच हजार कामगारांचा राग उफाळून आला. गाड्या, कचेऱ्या फुटल्या. त्या वेळच्या बातम्यांनुसार कुशल सुताराला दिवसाला ७.६० डॉलर आणि साध्या मजुराला ४ डॉलर मिळत. गावाकडून निघतानाच एजंटाचे पैसे भरायला कर्ज काढलेलं, पासपोर्ट मालकाच्या ताब्यात, संघटना करायला आणि संप करायला कायद्याची बंदी. उन्हाळ्यात दुपारी काम बंद ठेवण्याचा नियम २००५ मध्ये आला आणि बांधकाम कंपन्यांच्या दबावानंतर पुढच्याच वर्षी ती सुट्टी साडेबारा ते तीन एवढीच उरली. बुर्जचं काँक्रीट मात्र उन्हानं बिघडू नये म्हणून उन्हाळ्यात बर्फ घालून, रात्रीच्या गारव्यात ओतलं जाई. काँक्रीटला ऊन सोसत नाही, हे अभियंत्यांनी ओळखलं होतं आणि त्यासाठी सगळं वेळापत्रक बदललं होतं. हे वाचल्यापासून ती इमारत मला पूर्वीसारखी बघता येत नाही.

दुसरी किंमत विजेची. इंग्लंड आणि वेल्समधल्या कार्यालयांच्या पाहणीत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांना आढळलं की वीस किंवा जास्त मजल्यांच्या इमारतीत दर चौरस मीटरमागे लागणारी वीज सहा मजल्यांपर्यंतच्या इमारतीच्या जवळजवळ अडीचपट असते.

उंच बांधूच नये, असं माझं म्हणणं नाही. दाटीच्या शहरात तीस-चाळीस मजले गरजेचे असू शकतात. ढाक्यात जन्मलेले अभियंते फझलूर खान यांनी शिकागोत आयुष्यभर ध्यास घेतला तो उंचीपायी वाढणारा खर्च कमी करण्याचा. त्यांच्या जॉन हॅनकॉक सेंटरला चौरस मीटरमागे सुमारे १४५ किलो पोलाद लागलं. एम्पायर स्टेटला सुमारे २०६ किलो लागलं होतं. ही विद्या मोठी आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे. सुळक्याचे मीटर वाढवण्याशी तिचा संबंध नाही. चीननं २०२० मध्ये पाचशे मीटरहून उंच इमारतींना मनाई केली, त्यामुळे कोणत्याही शहराचं राहण्याचं काम अडलेलं नाही.

विक्रम नोंदवणारी संस्था प्रत्येक इमारतीच्या तीन उंच्या विचारते: वास्तूच्या टोकापर्यंतची, वापरातल्या शेवटच्या मजल्यापर्यंतची आणि अँटेनासकट अगदी वरच्या टोकापर्यंतची. त्याउलट कामगारांच्या मृत्यूंची मोजणी किती ढिसाळ असते, हे ह्यूमन राइट्स वॉचच्या २००६ च्या अहवालात दिसतं. २००४ मध्ये अमिरातीत सर्व कारणांनी मिळून ८८० स्थलांतरित बांधकाम कामगार दगावले, असं एका व्यवसाय-नियतकालिकानं वकिलातींकडून मिळवलेल्या आकड्यांवरून छापलं. दुबई महापालिकेच्या दप्तरी त्या वर्षी कामावर झालेले मृत्यू होते ३४. एक आकडा सगळ्या देशाचा, दुसरा एका शहराचा, हे मान्य केलं तरी दोन्हींमधलं अंतर कुणी तपासल्याशिवाय राहू नये. म्हणून त्या तीन रकान्यांशेजारी चौथा रकाना असायला हवा: बांधताना किती माणसं गेली, आणि त्यांच्या घरच्यांना काय मिळालं. तो भरल्याशिवाय जेद्दा टॉवरचा विक्रम नोंदवू नये.