विरंगुळा आणि विवेक

वाटूरच्या एका कुटुंबप्रमुखाने परवा मला विचारले, ‘फादर, एक वापरलेली मोटरबोट स्वस्तात मिळते आहे. सुटीत मुलांना नाथसागरावर नेईन. बोटीमागे दोर धरून स्कीइंगही शिकतील. यात काही पाप आहे का?’

मौज हे पाप नव्हे. धनुष्य सतत ताणलेले ठेवले तर ते मोडते, हा दृष्टांत देऊन संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच खेळाला सद्गुणांत स्थान दिले. मात्र विरंगुळ्यालाही त्यांनी विवेकाची मर्यादा घातली.

येथे प्रश्न बोटीच्या किमतीचा नाही, पाण्याचा आहे. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचे हे पाणी कितीतरी घरांची तहान भागवते. १९८६ पासून हा जलाशय पक्षी अभयारण्यही आहे. बोट पाणी पीत नाही हे खरे. पण तिचे इंधन पाण्यात सांडते, तिच्या आवाजाने पाखरे उठतात. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, माणसे टँकरची वाट पाहत ताटकळली. ते आपण इतक्यात विसरावे काय?

मी त्यांना म्हणालो, ‘मुलांना पाण्यावर अवश्य न्या, परवानगी असेल तेथे, भाड्याच्या बोटीत, जीवरक्षक जाकीट घालून. पण आधी त्यांना धरणाच्या काठी उभे करा आणि हे पाणी कोणाकोणाचे आहे ते सांगा.’

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, ‘फादर, आमची आई कोसभरावरून घागर आणायची.’

उत्तर त्यांच्याजवळच होते.