लव्हाळ्याचा वास

हे मनन बसून करायचं आहे, पण पाटावर नाही. धुऱ्यावर, उकिडवं बसून. जाफराबादच्या आसपासचं कुठलंही शेत चालेल. केळणा आणि पूर्णा या दोन नद्या इथे एकमेकींना मिळतात. दोन्हींच्या काठची जमीन काळी आहे, भारी आहे. दसरा होऊन गेलेला असावा, सोयाबीन निघालेलं असावं आणि कपाशीची पहिली वेचणी चालू असावी. दिवाळी तोंडावर आली असताना धुऱ्यावर बसायला वेळ कुणाला असतो, हे खरंच. पण आपल्याला करायचं आहे उटणं, आणि ते दिवाळीलाच लागतं, त्याला इलाज नाही.

खाली बघा. गवतात एक पातं जरा जास्त हिरवं, जास्त चकचकीत दिसेल. त्याचा दांडा दोन बोटांत धरून हळूच फिरवा. गवताचा दांडा गोल फिरतो. हा अडखळतो, बोटांना तीन धारा लागतात. वर तपकिरी तुरा. हा लव्हाळा. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे सांगायची गरज नाही, त्यांनी त्याला पुष्कळ शिव्या दिलेल्या असतात.

उपटू नका. उपटला की पातं हातात येतं आणि गाठ जमिनीतच राहते. आठ दिवसांत पुन्हा कोंब हजर. खुरपं घ्या, चार बोटं खाली घाला आणि ढेकूळ अलगद उचला. माती हातानेच फोडा. तारेसारखी बारीक काळी मुळी दिसेल, तिला एक गाठ, पुढे पुन्हा मुळी, पुन्हा गाठ. शेवट सापडला असं वाटतं तिथे मुळी तुटते आणि उरलेली माळ खालीच राहते. खुरपणारी बाई वर्षानुवर्षं त्याच शेतात त्याच तणाशी का झुंजते, ते या एका मुळीत कळतं.

एक गाठ धुऊन घ्या. वरची काळी, केसाळ साल नखाने खरवडा आणि गाठ मधोमध कापा. आत पांढरट, किंचित गुलाबी. लगेच मोठा श्वास ओढू नका. आपण वास घेतो तेव्हा बहुतेकदा तो घाईने गिळतो. लहान लहान तीन-चार हुंग्या घ्या. आधी नुसती ओली माती येईल. मग कापूर असावा तसं काहीतरी गार, कडवट. आणि गाठ नाकापासून दूर नेली की मागे उरतो तो वास जुन्या सागवानी संदुकीच्या आतल्या बाजूचा. इथे थोडं थांबा. नाव देऊ नका, चांगला की वाईट तेही ठरवू नका.

हाच नागरमोथा. उटण्याच्या पुडीवर छापलेला, काष्ठौषधीच्या दुकानात तोळ्यावर मिळणारा. दुकानातला माल पुष्कळदा याच कुळातल्या दुसऱ्या भावंडाचा असतो, पण आयुर्वेदातला मुस्ता म्हणजे हीच गाठ. आणि जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांचा जो जाडजूड ग्रंथ १९७७ साली निघाला, त्यात पहिला क्रमांक याच लव्हाळ्याला आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरून बघा. त्यांची सांगड घालायची गरज नाही. लव्हाळ्याचं कौतुक करणं ज्याला निंदणीची मजुरी द्यावी लागत नाही त्यालाच परवडतं. तणनाशकाचा पंप पाठीवर घेणारा माणूस चुकत नाही. फक्त एवढं की ज्या धुऱ्यावर फवारणी झाली आहे तिथल्या गाठी अंगाला लावायच्या उटण्यात घेऊ नका. न फवारलेला बांध शोधा, आणि शेत आपलं नसेल तर मालकाला विचारा. तो हसेल, आणि म्हणेल, सगळाच घेऊन जा.

गाठी घरी आणा, ब्रशने घासून धुवा, चकत्या करून सावलीत पसरा. उन्हात नको; जो वास हवा तोच उडून जातो. चकती वाकायची थांबून कटकन मोडू लागली की वाळली. तोवर मनाला दुसरं काम देऊ.

सहाव्या शतकातला वराहमिहिर आपल्याला ज्योतिषी म्हणून माहीत असतो. त्याच्या बृहत्संहितेत सुगंध करण्यावर, म्हणजे गंधयुक्तीवर, एक अख्खा अध्याय आहे. त्यात तो सोळा द्रव्यं मांडतो: वाळा, तगर, अगरू, दवणा, चंदन, कापूर अशी. यादीतलं पहिलं नाव मुस्त्याचं, म्हणजे आपल्या लव्हाळ्याचं. मग तो हिशोब करतो. सोळातली कोणतीही चार घ्यायची तर निवडी होतात १,८२०. पुढचा हिशोब आपणच करू: चारांचं प्रमाण एक, दोन, तीन, चार भाग असं बदलत गेलं तर प्रत्येक निवडीचे चोवीस प्रकार, म्हणजे ४३,६८० सुगंध. गणिताच्या इतिहासात वराहमिहिराच्या या हिशोबाला मान आहे. पण उटणं करायला बसलेल्या माणसाने त्याच्याकडे उलट्या बाजूने बघावं. एक मिश्रण करायचं म्हणजे त्रेचाळीस हजार सहाशे एकोणऐंशी मिश्रणं सोडून द्यायची. वाळा घेतला, आता दवणा राहू दे. कापूर घेतला तर चंदनाचं काही चालणार नाही. बाजारातल्या उटण्याच्या पुडीवर वीस-बावीस घटकांची नावं वाचून आपण खूश होतो. माझं मत विचाराल तर इतक्या नावांतून सगळ्यांचा मिळून एकच वास येतो, आणि तो दुकानाचा असतो.

आता निवडायला बसा. जुन्या वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे करा आणि एकेकावर एकेक चिमूट ठेवा: नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, गुलाबपाकळी, मोसंबीची वाळवलेली साल. शास्त्र म्हणतं साल संत्र्याची हवी. पण जालना जिल्ह्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि रसवंतीच्या मागे तिच्या सालींचा ढीग फुकट पडलेला असतो. साल मात्र डाग नसलेली निवडून, धुऊन घ्या.

एकेक तुकडा उचला. छातीजवळ धरा, मग हनुवटीजवळ, मग नाकाजवळ. कोणता वास कुठे भेटतो ते बघा. मोसंबी लांबूनच हाक मारते आणि लवकर विझते. आंबेहळदीला कैरीची झाक आहे. वाळा सुका असताना जवळजवळ मुका असतो, थेंबभर पाणी टाकलं की बोलू लागतो. नागरमोथा सगळ्यात खाली बसतो, उशिरा येतो आणि उशिरापर्यंत राहतो. म्हणून तर जुने लोक त्याला घ्यायचे: हलके वास त्याच्या आधाराने थोडे जास्त टिकतात.

तीन तुकडे झाले की थांबा. चौथा वास नीट येत नाही, कारण नाक थकतं. थकतं म्हणजे बिघडत नाही. सारखा येणारा वास ते बातमी म्हणून सांगायचं बंद करतं. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही आणि पाहुण्याला उंबऱ्यातच येतो, तो याचमुळे. नाकात वास टिपणारे ग्राहक कसे काम करतात हे शोधल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ चं नोबेल मिळालं. माणसाकडे असे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक आहेत. एवढी मोठी फौज पाच मिनिटांत गप्प बसते, आणि सुगंधी वस्तू करणाऱ्यांची सगळी फसगत तिथेच होते. वास येईना म्हणून आणखी घालतात, मग आणखी. उपाय साधा आहे. कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावा आणि आपल्याच कातडीचा वास घ्या. मग अंगणात जाऊन या. बादली भरायची असेल तर भरून घ्या.

चकत्या आता वाळल्या असतील. खलबत्त्यात कुटा. मिक्सर चालतो, पण भांडं तापतं आणि बराचसा वास झाकण उघडताच निघून जातो. नागरमोथा चिवट आहे, पहिल्या दहा घावांत त्याला काही होत नाही. त्या घावांवर मन ठेवा, त्यांची मोजदाद ठेवू नका. कूट मलमलीच्या फडक्यातून वस्त्रगाळ करा. फडक्यावर राहिलेला चोथा टाकू नका, तो निखाऱ्यावर धूप म्हणून चालतो. एक वाटी मसुरीचं पीठ, पाव वाटी मुलतानी माती, दोन चमचे नागरमोथा, दोन चमचे वाळा, एक चमचा आंबेहळद आणि एक चमचा साल, बस. गुलाब आणि कचोरा मी सोडून देते. तुम्ही वेगळं काही सोडा. मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं ओलं करून लावा आणि एक दिवस जाऊ द्या. खाज, लाली आली नाही तरच घरातल्या बाकीच्यांना. लहान मुलांच्या अंगाला आधी तीळतेल, मग उटणं, आणि घासायचं हलक्या हाताने.

इथे एक जुनी ओळख सांगावीशी वाटते. आपल्या धुऱ्याजवळची केळणा जाफराबादला येण्याआधी भोकरदनवरून येते, आणि भोकरदन म्हणजे सातवाहनांच्या काळचं भोगवर्धन. १९७०च्या दशकात तिथे उत्खनन झालं तेव्हा हस्तिदंतात कोरलेल्या एका स्त्रीमूर्तीचा भाग हाती आला. तिचं साम्य पाँपेईत १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या त्या मूर्तीच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी आहेत, आणि त्यांच्या हातांत प्रसाधनाची भांडी. भांड्यांत काय होतं ते कोरणाऱ्याने दाखवलेलं नाही. घटकाभर त्या झाकलेल्या भांड्यांचा विचार करा. कुणीतरी काहीतरी कुटलं असेल, गाळलं असेल. दासी म्हणजे ज्यांनी केलं त्यांनी लावलं नाही, हेही मनात येऊ द्या.

उटणं झालं. आता त्याच वासाची मेणबत्ती. धुऱ्यावर बसल्या बसल्या दिसायला हवी होती अशी एक गोष्ट इथे आहे: मेणबत्तीला लागणारं सगळं त्या एकाच शेतातलं होतं. वातीला कापूस, मेणाला सोयाबीन, वासाला लव्हाळा. सोयाबीनच्या तेलापासून मेण करायची रीत १९९०च्या दशकात अमेरिकेत रुजली आणि आज सुगंधी मेणबत्त्यांत ते पॅराफिनच्या शेजारी बसलं आहे. पॅराफिन खनिज तेलातून येतं. हा योग बघून हुरळून जायला होतं, मात्र हुरळून गेलं की काम बिघडतं. सोयाबीन ट्रकने कारखान्यात जातं, तिथे तेल निघतं, त्यात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करतात. चुलीवर होणारं हे काम नाही. मेण खोक्यातून विकतच आणावं लागतं. आजीची फुलवात तेलात छान जळते, पण मेणात तिला काजळीचं बोंड येतं. आपोआप वाकून टोक जाळून टाकणारी विणलेली वात १८२५ साली फ्रान्समध्ये काम्बासेरेस यांनी काढली, तीच लागते. आणि नागरमोथ्याची पूड मेणात मुळीच घालायची नाही. ती वातीच्या तोंडाशी जमते, वात गुदमरते, नाहीतर पूडच पेट घेते. मेणात फक्त ऊर्ध्वपातनाने काढलेलं तेल चालतं. ज्याला उटण्यात मान मिळाला त्याला मेणबत्तीत दाराबाहेर थांबावं लागतं. हे पटवून घ्यायला मला जड गेलं नाही. प्रत्येक वस्तूने प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडलंच पाहिजे हा आग्रह माणसांनाही जाचतो.

तेव्हा नागरमोथ्याचं किंवा वाळ्याचं तेल विकत घ्या. दोनशे ग्रॅम मेण दुहेरी भांड्यात, म्हणजे उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या पातेल्यात वितळवा. थेट आचेवर नको, आणि पातेलं सोडून जायचं नाही. मेण पूर्ण पारदर्शक झालं की गॅस बंद करा, थोडं निवू द्या आणि दहा ग्रॅम तेल घाला. दोन मिनिटं सावकाश ढवळा. फेस आणायचा नाही, चमचा भांड्याच्या तळाला लागत राहील एवढंच. कोमट काचेच्या ग्लासात वात मधोमध धरून ओता. मेण कडेने पांढरं होत आत येईल, मध्यभाग सर्वांत शेवटी मिटेल. एवढा वेळ नुसतं बघत बसायला जमलं तर बघा. इथल्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि सोयामेण पन्नासच्या आतबाहेर वितळतं, म्हणून मेणबत्ती ग्लासातलीच करावी, आणि पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नये.

लगेच लावू नका. मेणात तेल मुरायला दोन आठवडे द्या. पहिल्यांदा लावाल तेव्हा वितळलेलं मेण काचेच्या कडेपर्यंत पोचेस्तोवर विझवायची नाही. नाहीतर मध्येच विहीर पडते आणि पुढे प्रत्येक वेळी ज्योत त्या विहिरीत उतरत जाते. लावण्याआधी वात अर्ध्या सेंटिमीटरवर कापा.

आणि दहा ग्रॅम तेल पुरेसं होतं का, हे स्वतःच्या नाकाला विचारू नका. ते केव्हाच गप्प झालेलं असेल. मेणबत्ती तासभर जळली की शेजारणीला काहीतरी निमित्त काढून बोलवा. ती काही न बोलता टेकली आणि थोड्या वेळाने इकडेतिकडे बघू लागली, तर प्रमाण बरोबर. उंबऱ्यातूनच "काय जळालं गं बाई?" म्हणाली, तर पुढच्या वेळी सहा ग्रॅम.